मध्यंतरानंतरची गोगलगाय

दर शनिवारी सकाळी परीक्षकसाहेब चहा पिता पिता नव्या चित्रपटाच्या ‘खटकलेल्या बाजू’ लिहून टाकत आणि मग तो चित्रपट पाहायला जात. बावीस वर्षांचा सराव होता. त्यातून चित्रपट लहान मुलांचा, वर दुसरा भाग, म्हणजे तर डाव्या हातचा मळ. ‘गोगलगाय कुटुंब, भाग दोन’साठीही पाच बाजू तयार होत्या: कथा ताणलेली, गाणी भारंभार, नवी पात्रं ओढूनताणून आणलेली, विनोद शिळे, लांबी फार. ‘जमेच्या बाजू’त ते नेहमी एकच ओळ लिहीत, रंग बरे आहेत.

या वेळी मात्र एक गोम होती. साहेब मध्यंतरात उठून जातात, अशी वाचकांची पत्रं आली होती आणि संपादकबाईंनी ती त्यांच्यापुढे ठेवली होती. “आता एकदा जरी असं झालं,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तर तुमच्या सदराच्या जागी शब्दकोडं टाकीन.” बावीस वर्षांचं सदर कोड्याच्या घशात जाणार, या धास्तीने साहेबांना जेवण जात नव्हतं. साक्षीदार असावा म्हणून ते आठ वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन निघाले.

चित्रपटगृहात दोन पडदे होते. तिकीट फाडणारा काहीतरी सांगायला बघत होता, पण परीक्षकाने चित्रपटगृहात वाट विचारायची म्हणजे अब्रूचा प्रश्न. मुलांचा घोळका ज्या दारातून शिरला त्यातून साहेबही शिरले. दिवे गेले, पडद्यावर एक गोगलगाय सरपटत आली आणि लेक कुजबुजली, “बाबा, हा तर...”

“शू. चित्रपट चालू असताना बोलायचं नाही. काय असेल ते नंतर.”

हा घरचा जुना नियम. लेकीने तोंड मिटलं.

पहिली दहा मिनिटं साहेब आपल्या पाच बाजू पडद्यावर शोधत होते. मग शोधायचं राहूनच गेलं. पानाच्या टोकाला दवाचा एक थेंब लोंबत होता आणि त्या एवढ्याशा थेंबात अख्खी बाग उलटी दिसत होती, वाऱ्याबरोबर हलतसुद्धा होती. कुणी बसून काढलं असेल हे, आणि किती दिवस? गोगलगायींच्या बापाला वाटेत शंख नसलेलं एक पोर सापडलं, ते त्याने घरी आणलं. मध्यंतर झालं. साहेबांचे पाय सवयीने उठू लागले, पण बाकीचे साहेब जागचे हलेनात.

मग थंडी पडली. बापाने पाठीवरचा शंख उतरवला, झोपलेल्या पोरावर घातला आणि स्वतः उघडाच बाहेर पडून राहिला. दोन मिनिटं पडद्यावर आवाज नाही. दोनशे पोरं भरलेल्या त्या अंधारात वेफरची एक पिशवी वाजली नाही. साहेबांच्या हातातलं पेन कधी गळालं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला होता, अंगावर काटा आला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माणसाच्या हातून असंही काही घडतं, हे बावीस वर्षांत ते विसरूनच गेले होते.

जिन्यातच त्यांनी फोन लावून उपसंपादकाला मजकूर सांगितला. “जमेच्या बाजू लिहा. अकरा आहेत.”

“किती?”

“अकरा. खटकलेली एकही नाही. आणि शेवटी लिहा, पहिल्या भागातला बाप निर्जीव होता, दुसऱ्या भागाने त्याचं पुरतं उट्टं काढलं.”

“साहेब, तब्येत बरी आहे ना?”

फोन ठेवल्यावर लेकीने बाही ओढली. “बाबा, आता बोलू?”

“बोल, राणी.”

“हा पहिलाच भाग होता. दुसरा पलीकडच्या पडद्यावर आहे. सगळ्यांना आठवावं म्हणून सकाळी पहिला लावलाय. तिकीटवाले काका तेच सांगत होते.”

साहेबांनी कठडा धरला. “तुला काय माहीत?”

“मी पाहिलाय की आईबरोबर. तूपण होतास. आधी झोपला होतास...”

“मनन करत होतो.”

“आणि मध्यंतरात गाडी काढायला गेलास, तो परत आलाच नाहीस.”

“अगं, मग आज मध्यंतरात का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर उठून गेला असतास.”

आता ‘दुसरा’ खोडून ‘पहिला’ करावा, तर तीन वर्षांपूर्वी त्याच पहिल्याला त्यांनी निर्जीव म्हणून छापलेलं. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यांनी मन घट्ट करून संपादकबाईंनाच फोन लावला आणि मननासकट सगळं कबूल केलं.

“पान सहाला छपाईला सुटतं,” बाई म्हणाल्या. “दुसरा भाग तीनला आहे. पाहून लिहा. नाही जमलं तर कोडं तयार आहे.”

तीनच्या खेळाला साहेबांनी तिकीट फाडणाऱ्याला दोनदा विचारून घेतलं. शेजारी लेक, डोळे पडद्यावर, पेन मुठीत. सकाळच्या पाच बाजूंपैकी तीन खऱ्या निघाल्या: कथा खरोखरच ताणलेली, गाणी सात, आणि एक वाचाळ बेडूक कशाला आणला होता ते बेडकालाच ठाऊक. पण आता ते पोर मोठं झालं होतं, आणि म्हाताऱ्या बापाला गाठता यावं म्हणून मुद्दाम हळू चालत होतं. साहेबांनी तेही टिपून घेतलं.

पावणेसहाला मजकूर पोचला. जमेच्या बाजू चार, खटकलेल्याही चार. चौथी अशी होती: ‘हा भाग कळायला पहिला पाहिलेला असावा लागतो. प्रस्तुत परीक्षकाने तो न पाहताच निर्जीव ठरवला होता. ती चूक चित्रपटाची नव्हती.’

बाईंचा फोन आला. “ही चौथी छापू?”

“छापा.”

“बरं. मग कोडं राहू दे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साहेबांच्या छातीवरचा दगड उतरला. घरी जाताना ते खुशीत होते. “काय गं, तू तर दोन्ही भाग पाहिलेस. माझ्या यादीत काही सुटलं का?”

लेकीने नीट विचार केला. “एक सुटलं.”

“कोणतं?”

“पहिल्या भागात तू माझा हात धरला होतास. दुसऱ्यात नुसतं पेन.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पान सुटलं होतं.

“उद्या सकाळी तो पहिला भाग परत आहे का गं?”

“आहे. दहाला.”

“मग जाऊ,” साहेब म्हणाले. “पेन घरी ठेवू.”