व्हर्जिलचा गुडघा आणि वकीलबाई

बायको लोर्ना गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात व्हर्जिल हॅस्केट बागकामाच्या दुकानात पाइपच्या पाण्यावरून घसरला आणि गुडघ्याची वाटी फोडून घेतली. टोलेडो शहरात चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण कशाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"दुकानावर दावा ठोक," शेजारची डोलोरेस म्हणाली. "हमरस्त्यावर त्या वकिलाची पाटी आहे बघ. 'तुम्ही पडलात? आम्ही उभे राहू!'"

व्हर्जिलने फोन लावला. वीस मिनिटं गाणी ऐकल्यावर एक मुलगी फोनवर आली.

"किती पगार बुडाला?"

"मी निवृत्त आहे."

"घरात तुमच्यामुळे कुणाचं अडलंय?"

व्हर्जिलने जरा विचार केला. "कुणाचंच नाही."

"मग नुकसान फारसं दिसत नाही, सर," ती म्हणाली आणि पुन्हा गाणी सुरू झाली.

मग डोलोरेसनेच रेनाटा कॉइल नावाची वकीलबाई शोधली. तिचं ऑफिस टायरच्या दुकानावर, बावीस पायऱ्या चढून. व्हर्जिल बसल्या बसल्या, उलटा सरकत नऊ पायऱ्या चढला आणि तिथेच अडकला. शेवटी वकीलबाईच कागद घेऊन खाली आली आणि शेजारी पायरीवर बसली.

"जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा. हरलो तर छदामही देऊ नका. फक्त रोज वहीत लिहायचं, कुठे दुखलं ते. दर मंगळवारी मी फोन करून विचारीन."

व्हर्जिल शिस्तीचा माणूस. रोज लिहू लागला.

चार महिन्यांनी दोन्ही वकिलांसमोर व्हर्जिलची जबानी झाली. दुकानाच्या विमा कंपनीच्या तरुण वकिलाने वही उघडली आणि चढ्या आवाजात वाचायला घेतली. "'सोमवार. गुडघा ठीक. चुकून दोन कप कॉफी केली. गुरुवार. गुडघा ठीक. लोर्नाचा कोट दान करायला काढला, परत टांगला. रविवार...'" त्याचा आवाज उतरत गेला. "मिस्टर हॅस्केट, हे गुडघ्याबद्दल नाहीये."

"नाही," व्हर्जिल ओशाळून म्हणाला. "मला सांगितलं होतं, कुठे दुखतं ते लिहा."

रेनाटाने कपाळाला हात लावला. अर्ध्या पानांवर 'गुडघा ठीक' लिहिणारा अशील तिला पहिल्यांदाच भेटला होता. केस बुडाली म्हणून ती कागद आवरू लागली. पण त्या तरुणाने वही मिटली, बाहेर जाऊन फोन केला आणि परत येऊन अठरा हजार डॉलरवर तडजोड मांडली. त्यातून तिचा तिसरा हिस्सा गेला, इस्पितळाने आपलं घेतलं, कागदपत्रांचा खर्च वळता झाला. व्हर्जिलच्या वाट्याला चार हजारांच्या आसपास उरले.

"चेक पोस्टाने पाठवते," रेनाटाने मंगळवारी फोनवर सांगितलं. "सगळ्या सह्या झाल्यात. केस संपली. आता वही लिहायला नको."

"आणि हा फोन?"

"तो केससाठी होता, मिस्टर हॅस्केट."

व्हर्जिल घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, केस चालू ठेवायचे तुम्ही काय घेता?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला, बराच वेळ.

"एक सही राहिलेली दिसतेय," वकीलबाई म्हणाली. "पुढच्या मंगळवारी घ्यावी लागेल. तुम्ही जिना चढू नका. मी घरी येते."