बुधाजींची बालवाडी

अडुसष्टाव्या वर्षी बुधाजी सावंत बालवाडीत जाऊ लागले, ते केवळ नातीमुळे. मनवा साडेतीन वर्षांची. तिची आई आकांक्षा सकाळी आठला ऑफिसला निघे आणि मनवाला चाळीच्या तळमजल्यावरच्या बालवाडीत सोडायचं काम आजोबांवर येई. पहिल्या दिवशी बुधाजी दारातून मागे वळले आणि पोरीने असा सूर लावला की तिसऱ्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली.

"आबा, तुम्ही बसाच इथे," बालवाडीच्या संघमित्राताई म्हणाल्या. "दोन दिवसांत रुळेल."

मनवा दोन दिवसांत रुळली. पण बुधाजी उठले की पुन्हा सूर लागे. म्हणून जूनपासून मार्चपर्यंत बुधाजी शेवटच्या ओळीत एका बुटक्या लाल खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसत होते. दोन वर्षांपूर्वी बायको, नलू, गेल्यापासून त्यांना तसंही कुठे जायचं नव्हतं. आधी ते नुसते बसत. मग चिऊचं गाणं म्हणू लागले. दिवाळीनंतर हातही वर करू लागले.

ताईंचे नियम मोजके होते. घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची. चुकलं तर सॉरी म्हणायचं, तेही डोळ्यांत बघून. बोलायचं असेल तर हात वर करायचा. अनोळखी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, लांब उभं राहून मोठ्यांना हाक मारायची. बुधाजींनी पस्तीस वर्षं गिरणीत काढली होती, संप पाहिला होता, पोरगा वाढवला होता. पण जगायचं कसं हे इतक्या थोडक्यात त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान कोंडीरामशी वाकडं झालं नसतं, असं त्यांना हल्ली वाटायचं आणि वाटलं की दिवसभर काही गोड लागायचं नाही.

कोंडीराम तावडे समोरच्याच खोलीत राहत. दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीत कामाला. एकाची विडी दुसऱ्याने पेटवावी असं सख्य. ते मोडलं एका मोदकपात्रावरून. अठरा वर्षांपूर्वी, गणपतीत, नलूने कोंडीरामच्या बायकोचं, शेवंतीचं, मोदकपात्र मागून आणलं. ते शेवंतीच्या आईने दिलेलं. विसर्जनानंतर शेवंती म्हणाली, "माझं भांडं?" नलू म्हणाली, "दिलं की परत!" शेवंती म्हणाली नाही दिलं, नलूने देवाशपथ सांगितलं दिलं. बायका दोन दिवसांत गप्प बसल्या असत्या. पण बुधाजी गॅलरीत उभे राहून सगळा मजला ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "स्वतःचं भांडं सांभाळता येत नाय आणि लोकांच्या बायकांना चोर ठरवतात!" त्यावर कोंडीराम काही बोलला नाही. तो अठरा वर्षं बोलला नाही.

आता चाळ पाडायची होती. बुधाजींचं कुटुंब शिवडीच्या संक्रमण शिबिरात जाणार होतं, आणि तावडे रविवारी बदलापूरला मुलाकडे. कायमचे. सगळ्या मजल्यावर बांधाबांध चालली होती. गुरुवारी दुपारी बुधाजींनी माळा रिकामा करायला घेतला. मखराचे पुठ्ठे निघाले, झांजा निघाल्या, आणि अगदी मागून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक मोदकपात्र निघालं. तळाशी नाव कोरलेलं होतं. चष्मा खाली राहिला होता, पण पहिली ठसठशीत अक्षरं तेवढी त्यांना वाचता आली. शेवंती.

बुधाजी स्टुलावरच बसले. म्हणजे शेवंती खरं बोलत होती. म्हणजे नलू, जिने देव्हाऱ्यापुढे उभं राहून शपथ घेतली ती नलू, खोटं बोलली. भांडं परत द्यायचं तर बायकोला खोटं पाडायचं. नाही द्यावं तर मित्र तसाच बदलापूरला जायचा. नलूच्या फोटोकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी भांडं पुन्हा लुगड्यात गुंडाळलं, आणि मग त्यांना संघमित्राताईंचा आवाज आठवला. घेतलेली वस्तू जागच्या जागी.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही त्यांना आठवलं. पण ते बालवाडीत शिकवलेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मनवाला झोपवून ते भांडं घेऊन निघाले. दारातच थबकले. नलू कधी कुणाचं भांडं रिकामं परत करत नसे. घरात शिजवलेलं काही नव्हतं, म्हणून देव्हाऱ्यातला नारळ त्यांनी आत ठेवला. झाकण हलत होतं. सुतळी सगळी बांधाबांधीत संपलेली. शेवटी जुन्या ट्यूबलाइटची लाल वायर सापडली. त्या वायरीने त्यांनी भांडं करकचून बांधलं, वर वर्तमानपत्र गुंडाळलं आणि तावड्यांच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. आतून शेवंतीचा आवाज येत होता. बुधाजींनी कडी वाजवली, घसा खाकरला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "पाणी आलं काय?"



"शेवंते," कोंडीराम आतूनच म्हणाला, "भायर कोण पाणी इचारतंय बघ. दुपारी तीनला."

बुधाजींनी कडीवरचा हात काढला. त्यांनी पुडकं उंबऱ्याशी ठेवलं आणि ते जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले. जागच्या जागी तर ठेवलं. तळाशी नाव आहे, समजायचं ते समजतील. सॉरीचं पुढे बघू.

शेवंतीने दार किलकिलं केलं, डावीउजवीकडे पाहिलं, खाली पाहिलं नाही, आणि दार लावून घेतलं. आणि नेमकी तेव्हाच मनवा डोळे चोळत आबांना शोधत बाहेर आली. तिला पुडकं दिसलं. कागद फाटून लाल वायर बाहेर आली होती. मनवा बालवाडीतली हुशार मुलगी. तिने हात मागे बांधले, तीन पावलं मागे गेली आणि शिकवल्याबरहुकूम किंचाळली, "अनोळखी वस्तू! हात लावायचा नाही! मोठ्या माणसांनो, लवकर या!"

मोठी माणसं आली. चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी निलेश बनियनवरच आला. त्याने वायर पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोणाचंय हे? अरे, कोणाचंय?"

जिन्याच्या वळणावर बुधाजींनी तोंड उघडलं. पण तिथे शेवंती उभी होती, कोंडीराम दाराला धरून उभा होता, सगळा मजला जमला होता. एवढ्या लोकांत कसं सांगायचं? जरा गर्दी पांगू दे, असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं. तोवर निलेशने पोलिसांना फोन लावला होता.

"सगळे खाली! गॅस बंद करा! वायरिंग केलेलं आहे, टाइमपास नाय!"

मग चाळ खाली उतरली. बांधलेली गाठोडी घेऊन उतरली, कारण घरं जायची ती जाणारच होती, निदान भांडी तरी वाचावीत. कोंडीरामचे गुडघे गेलेले, त्याला चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून खाली आणला आणि जागा दिसली तिथे ठेवला. ती जागा बुधाजींच्या शेजारीच होती. अठरा वर्षांत दोघं इतके जवळ आले नव्हते. कोंडीरामने खुर्ची नळाकडे वळवता येते का ते पाहिलं. ती वळली नाही.

चौकीतून एक हवालदार आले. ते एकटेच वर गेले, लांब बांबूने पुडक्याला ढोसलं, आणि आत काहीतरी गडगडत गेलं. ते मोजून नऊ पायऱ्या उलटे उतरले.

"आत काहीतरी हलतंय," त्यांनी घाम पुसला. "बॉम्बशोधक पथक बोलवावं लागंल. रस्ता बंद करा. समोरचा दवाखाना रिकामा करा."

"दवाखान्यात पेशंट आहेत, साहेब."

"त्यांना बी उतरवा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. बुधाजींच्या मनात आता लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या दवाखान्यातून सलाइनची बाटली हातात धरून एक म्हातारा निघालेला त्यांना दिसला आणि त्यांच्याच्याने राहवेना. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

हवालदारांनी पाहिलं. "काय आजोबा? लघवीला जायचंय?"

"नाय," बुधाजी म्हणाले. "ते माझं आहे. म्हणजे, माझं नाय. शेवंतीवहिनीचं आहे. मोदकपात्र आहे. आत नारळ आहे."

त्या अंगणात इतकी शांतता गोकुळाष्टमीच्या आठव्या थरालाही कधी झाली नव्हती. मग सगळे एकदम बोलू लागले. निलेशने कपाळावर हात मारला. आणि त्या गलक्यात शेवंती पुढे आली.

"माझं? कुठे होतं ते?"

डोळ्यांत बघायचं. बुधाजींनी शेवंतीच्या डोळ्यांत बघितलं. "आमच्या माळ्यावर. नलूने दिलं नव्हतं परत. नलू खोटं बोलली, वहिनी. आणि मी तिच्या जिवावर तुम्हाला नाय नाय ते बोललो. तिच्या वतीने सॉरी. माझ्यापण."

सगळ्या चाळीने ते ऐकलं. दोन वर्षांपूर्वी जिला खांदा दिला, जिच्या तेराव्याला जेवले, ती नलू सावंत खोटी होती. बुधाजींना वाटलं, निदान आता हे संपलं. त्यांना रडू येत होतं, पण छातीवरचा धोंडाही उतरल्यासारखा वाटत होता.

हवालदार आता भलतेच शूर झाले होते. त्यांनी भांडं खाली आणलं, वायर सोडली, नारळ काढून कोंडीरामच्या मांडीवर ठेवला आणि पंचनाम्याला मजकूर हवा म्हणून भांडं उपडं धरलं. बुधाजींना जे वरवर दिसलं होतं, ते हवालदारांनी चष्मा लावून सगळं वाचलं, तेही चौकीच्या आवाजात.

"'शेवंतीवहिनींस, नलूकडून सप्रेम भेट. गणपती, दोन हजार सात.'"

भांडण सहा सालचं होतं. बुधाजींना हिशेब लागायला वेळ लागला. शेवंतीला लागला नाही. ती नळाच्या कट्ट्यावर खाली बसली.

"माझं भांडं मला गावलं होतं," ती म्हणाली. कुणाकडे बघून नाही, जमिनीकडे बघून. "म्हयन्याभरात. आमच्याच पलंगाखालच्या ट्रंकेत. नलूने खरंच आणून दिलेलं. भावोजी एवढं बोलले, यांनी बोलणं टाकलं, मग मी कुठल्या तोंडाने सांगू? अठरा वर्षं मी त्यात मोदक नाय केले. कुणाला दिसलं तर? इडलीच्या भांड्यात करते मी मोदक. चपटे होतात."

कोंडीराम बायकोकडे बघत राहिला. त्यालाही हे आजच कळत होतं.

बुधाजींना काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती ती सात सालच्या श्रावणातली संध्याकाळ. नलू स्टुलावर चढली होती. आदल्याच दिवशी ते जेवताना म्हणाले होते, त्या उंबऱ्याला पाय लावलास तर माझ्या उंबऱ्याला लावू नकोस. दुसऱ्या दिवशी नलू लुगड्यात काहीतरी गुंडाळून माळ्यावर सरकवत होती. त्यांनी विचारलं, काय ठेवतेस? ती म्हणाली, काय नाय, गणपतीचं सामान. स्टूल डुगडुगत होतं. ते त्यांनी स्वतः धरून ठेवलं होतं.

आणि आता सगळ्या चाळीसमोर हात वर करून त्यांनी तिला खोटी ठरवलं होतं.

कोंडीरामने मांडीवरचा नारळ उचलला, कानाशी धरला, हलवला. मग शेजारी बघितलं.

"बुध्या," तो म्हणाला.

अठरा वर्षांनी बुधाजींनी ती हाक ऐकली.

"खवट आसा रे ह्यो. पाणीच नाय."

"असेल," बुधाजी म्हणाले. "दसऱ्याचा आहे."

एवढंच बोलणं झालं. हवालदारांनी दोघांना समज दिली, सलाइनवाला म्हातारा परत आत गेला, आणि निलेशने लाल वायर जप्त केली, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. रविवारी टेम्पो आला. नलूचं भांडं शेवंती मांडीवर घेऊन पुढे बसली. निघण्याआधी तिने स्वतःचं, आईचं मोदकपात्र मनवाच्या हाती पाठवलं होतं. संकष्टी नाही, काही नाही, पण आत अकरा मोदक होते, उभे, कळीदार. सोबत निरोप होता, "भावोजींना सांग, भांडं माझ्या आईचं आहे. सवडीने आणून द्या. पण रिकामं आणू नका." टेम्पो वळेपर्यंत कोंडीरामचा हात खिडकीबाहेर होता.

मोदक दोन दिवसांत संपले. भांडं घासून उपडं घातलं. आणि बुधाजींपुढे प्रश्न पडला, कारण त्यांना चहापलीकडे काही येत नव्हतं.

बुधवारी बालवाडीत ताईंनी मुलांना मळलेली कणीक दिली. कुणी साप केला, कुणी चेंडू केला. शेवटच्या ओळीत, लाल खुर्चीवर, बुधाजी कणकेची एक वाटी करून तिला चिमटे काढत होते. पाचव्या पाकळीला वाटी फाटली.

"आबा, हे काय करताय?" ताईंनी वाकून विचारलं.

"भांडं परत द्यायचंय," बुधाजी म्हणाले. "बदलापूरला."

"वा! घेतलेली वस्तू जागच्या जागी." ताई मुलांकडे वळल्या. "आणि चुकलं तर काय म्हणायचं, मुलांनो?"

"सॉरीऽऽ!"

"आमचा आबा रोज म्हणतो," मनवाने हात वर करून सांगितलं. "आजीच्या फोटोला. सकाळी पण, संध्याकाळी पण."

"हो? मग आजी काय म्हणते?"

मनवाने जरा विचार केला. "काहीच नाही. आजीची अजून गट्टी फू आहे."

संघमित्राताईंनी मुलांना खाऊचे डबे काढायला सांगितले. बुधाजींनी फाटलेली वाटी मोडली, कणकेचा पुन्हा गोळा केला आणि पहिल्या पाकळीपासून सुरुवात केली.