झाडांनी न खाल्लेलं खत

अंजिराचा हंगाम सरला, की घेरेवाडीत झाडांनी न खाल्लेलं खत माणसाच्या रूपात डोंगरउतारावरून चालत खाली येतं आणि वाटेत जी पहिली सपाट ओसरी लागेल तिथे बसतं. पोत्यामागे एक पाहुणा. पांढरे कपडे, बोलणं मवाळ, कुणाला उपद्रव नाही. चढ मात्र त्यांना चढता येत नाही, त्यामुळे ज्यानं टाकलं त्याच्याकडे ते कधीच परत जात नाहीत.

यंदा सिंधूबाई कामठ्यांच्या ओसरीवर एकेचाळीस जण बसले होते. खरं तर सिंधूबाईंच्या बागेत गेली तेरा वर्षं शेणखत आणि लेंडीखताखेरीज काही पडलं नव्हतं. वरच्या अंगाला बाळकृष्ण खेडेकरांची बाग. खेडेकरांचा हात पोत्यातल्या खताला सढळ; झाड नको म्हणालं तरी ते आग्रह करून वाढायचे. पण खताचा परिणाम मोजणारं तालुक्याचं कार्यालय बाग बघत नाही, ओसरी बघतं. आधी बाग बघावी, एवढं साधं शहाणपण कुणाला सुचू नये, याचा सिंधूबाईंना मनस्वी संताप होता.

मंगळवारी मापन अधिकारी दिघे आले. त्यांनी चपला काढल्या, डोकी मोजली आणि मान हलवली.

"एकेचाळीस. बाई, तुमच्या बागेला मर्यादा सहाची. निर्मळ बागेचा दाखला काढून घ्यावा लागेल."

"आवं सायेब, ही मानसं माझी न्हाईत. इचारा की त्यांना!"

"आम्ही खेडेकरांचे," कोपऱ्यातला एक पाहुणा अदबीनं म्हणाला.

"पाहुण्यांची साक्ष चालत नाही," दिघे म्हणाले. "प्रश्न एवढाच, की तुम्ही यांना पाणी विचारलंत का?"

सिंधूबाईंनी विचारलं होतं. दारी आलेल्याच्या हातात तांब्या द्यायचा, मग कोण-कुठला ते विचारायचं, ही त्यांच्या घरची रीत. पहिल्याच दिवशी दोघं पाणी पिता पिता विरघळले आणि पायरीखालून विहिरीकडे निघून गेले, तेव्हा कुठे त्यांनी तांब्या आत नेला होता.

"पाणी दिलं म्हणजे स्वीकारलं. नियम चार."

"मंग काय, दारात आल्याली मानसं कोरडी बसवू? आनि तो वरचा खेडेकर?"

"त्यांची ओसरी रिकामी आहे. त्यांना यंदाही दाखला मिळालाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तेरा वर्षं सिंधूबाईंनी लेंड्या वाहून वाहून कंबर मोडून घेतली होती. तो दाखला त्यांचा एकटीचा अभिमान होता.

दिघे मनानं वाईट नव्हते. त्यांनी आवाज उतरवला. "एक वाट आहे. यांना नुसतं 'पुढे व्हा' म्हणा. उठतील आणि खाली जातील. मी नोंद खोडतो. पुढची ओसरी लागेल तिथे होईल."

पुढची ओसरी शालनची होती. सिंधूबाईंची लेक, दिलेली त्याच वाडीत, दोन बांध खाली. तिच्या पायरीला लागूनच बोअर, आणि चार महिन्यांच्या बाळाचं दूध त्याच पाण्यात कालवत. एकेचाळीस जण तिथे गेले असते, तर शालननं त्यांना पाणी विचारलंच असतं. तिला ते सिंधूबाईंनीच शिकवलं होतं.

सिंधूबाईंनी भिंतीवरचा दाखला खिळ्यासकट उपटला आणि दिघ्यांच्या पुढ्यात आदळला.

"घ्या. लिवा समद्यांना माझ्या नावावर. कुनी पुढं व्हनार न्हाई."

दिघ्यांनी कागद पुढे ओढला. "नात्याचा रकाना आहे. काय लिहू, पाहुणे?"

"पाहुने नगं. पाहुन्यास्नी पानी इचारावं लागतं." सिंधूबाईंनी एकेचाळीस चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. "घरची मानसं म्हनून लिवा."

दिघ्यांनी तसं लिहिलं. मग सिंधूबाईंनी तांब्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि घरच्यांना जरा सरकून बसायला सांगितलं. त्यांना स्वतःलाही बसायचं होतं.