तातोबांचे सहा जोड

मी एकदा एका लहान मुलीची नवीकोरी चप्पल हळदकुंकू लावून, लिंबासकट, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर टाकून आले. नातवंडं अजून हसतात. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते आणि 'भूत नसते' हे आठवीच्या पोरांना तीन मुद्द्यांत लिहून देत होते.

कारण शेजारचे तातोबा. चपला शिवणारे, एकटे. भर दुपारी गल्ली झोपली की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. "स्कार्पा रोस्सा. स्कार्पे रोस्से. सांदालो रोस्सो. सांदाली रोस्सी." मग गप्प. कुणी उत्तर दिल्यासारखं "हां" म्हणायचे आणि पुन्हा सुरू.

एकदा मी खिडकीतून डोकावले. आत दुसरं कुणी नाही. ओळीनं लाल चपलांचे सहा जोड. पहिला माझ्या तळहाताएवढा, पुढचा प्रत्येक जरा मोठा. वर भिंतीला चिकटवलेल्या कागदांवर पेन्सिलीनं काढलेली सहा पावलं. अनवाणी, लहान मुलाची, सगळी उजवीच. तीही वाढत गेलेली. त्या घरात मूल आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तातोबा चपलांना सांगत होते, "एकटी असंल तर रोस्सा. दोघी असल्या तर रोस्से. चुकलो तर चिडू नगं, बाळ."

माझं विज्ञान तिथंच संपलं. ते दूध आणायला गेल्यावर मी आत शिरले आणि सगळ्यात मोठ्या जोडातली एक चप्पल पदराखाली घेतली. जोड फोडला की येणारीची वाट बंद होते, असं माझी आजी सांगायची. चप्पल हाताला कोमट लागली. उन्हात होती, हे आता सुचतं.

दुसऱ्या दिवशी तातोबा दारात. "वैनी, एक चप्पल बघितली काय? रविवारी नात यायची हाय की!"

तातोबांच्या लेकीनं इटलीत लग्न केलं म्हणून त्यांनी बोलणं टाकलेलं. ती मात्र दर वाढदिवसाला पोरीचं पाऊल कागदावर काढून पाठवायची. तातोबा त्या मापानं जोड शिवायचे. पाठवला एकही नाही. आता लेकच पोरीला घेऊन येणार होती. नातीला मराठी येत नाही, म्हणून पुस्तकातून तिची भाषा शिकत होते.

"स्कार्पा म्हंजी बूट, रोस्सा म्हंजी लाल. आपल्यात काळा, काळी, काळे हुतंय, तसं तिकडं लाल बी बदलतंय, वैनी. पयल्याच बोलण्यात चुकलो, तर पोरगी आजा म्हनंल काय?"

मी तिकटीवर पळाले. लिंबू होतं. चप्पल नव्हती. परत येऊन मान खाली घालून सगळं सांगितलं.

तातोबांनी उरलेली चप्पल मापाला पुढ्यात घेतली. मग म्हणाले, "चप्पल मी दुसरी शिवतो, वैनी. तुमी एक करा, उद्यापास्नं पुस्तक घिऊन म्होरं बसा. चपला चुका काढत न्हाईत."