माती गेली कुठे?

"कादंबरी वाचली," बोगदेसाहेब म्हणाले आणि बोगद्याच्या पाझरणाऱ्या छताकडे पाहावे तशा नजरेने त्यांनी समोरच्या तरुणाकडे पाहिले. हयातभर डोंगर पोखरून निवृत्त झालेल्या या अभियंत्याला सारी वसाहत याच नावाने ओळखत असे. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने विज्ञानकादंबऱ्या लिहिणारा नवरा निवडला होता. साहेबांचा होकार तेवढा बाकी होता, आणि तो कादंबरीत अडकला होता.

"आवडली का, काका?"

"तुमचं ते किरणयंत्र तासाभरात डोंगर आरपार करतं. बरं. निघालेली माती गेली कुठे?"

"तिची वाफ होते."

"आत माणसं आहेत ना?"

"आहेत."

"मग ती शिजली. पुढच्याच पानावर मात्र चहा पितायत."

"बाबा, कादंबरी आहे ती!" मुलगी कळवळली.

"जो माणूस अख्खा डोंगर गायब करून असा साळसूद बसतो, तो उद्या काय काय गायब करेल?"

"अहो, तिला लग्न माणसाशी करायचंय, यंत्राशी नाही," मुलीच्या आईने सुनावले.

परंतु प्रयोगावाचून साहेबांचे समाधान होत नसे. "चला मागच्या अंगणात. जमिनीतली माती बाहेर आली की किती जागा खाते, ते डोळ्यांनी पाहा."

कादंबरीकाराच्या हाती फावडे आले. पण आधी मध्यरेषा आखल्याशिवाय साहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाला कुदळ मारू दिली नव्हती. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, एक डोळा मिटून खात्री केली. रेषा बिनचूक आली. ती तितक्याच बिनचूकपणे शेजारच्या भिंतीवर जात होती, आणि भिंतीपलीकडे शेजारी राहणाऱ्या सराफांची तिजोरी होती, हे साहेबांच्या ध्यानीमनीही नव्हते.

खड्डा गुडघाभर झाला तेव्हा भिंतीवर सराफांचे डोके उगवले.

"काय चाललंय?"

"बोगद्यातली माती जाते कुठे, ते यांना दाखवतोय," साहेब म्हणाले. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

सराफांची नजर दोरीवरून सरकत आपल्या भिंतीला येऊन टेकली. मग ती ढिगाकडे गेली.

"खड्डा एवढासा आणि ढीग हा एवढा? बाकीचा खड्डा कुठाय?"

"बाकीचा खड्डा नाहीच. खणलेली माती फुगते. घट्ट बसलेले कण सुटे होतात, मधे हवा शिरते..."

"हवा! मला शेंडी लावता? सोनं तोलण्यात केस पिकले माझे. जेवढं काढलं, तेवढंच परत भरतं."

"भरून दाखवतो."

खड्डा काठोकाठ भरला. ढीग तरीही उरला. साहेबांचा सिद्धांत पूर्ण सिद्ध झाला आणि सराफांचा संशयही.

"म्हणजे ही माती दुसरीकडचीच!" सराफांनी खिशातून फोन काढला. "आता पोलीसच येऊन बघतील."

साहेबांनी मुरमाचे गुणधर्म सांगितले, खडकाचे सांगितले, डोंगराचे दाखले दिले. ते जसजसे खरे बोलत गेले, तसतसे गाळात रुतत गेले.

"सराफकाका," कादंबरीकार मध्येच म्हणाला, "हे फावडं नीट बघितलंत का? चुंबकी आहे. नवीनच निघालंय. आजूबाजूची माती खालच्या खाली ओढून घेतं, म्हणून ढीग वाढतो. काकांना यंत्राचं श्रेय द्यायला जड जातं, इतकंच."

"असं सरळ सांगा ना!" फोन पुन्हा खिशात गेला. "कधीपासून नुसतं हवा, हवा लावलंय यांनी. मला मिळेल का असं एक? कुंड्यांना माती पुरत नाही हो."

"चौकशी करतो."

समाधान पावलेले डोके भिंतीआड गेले. साहेबांनी सावकाश चष्मा पुसला.

"तुमची पापणीसुद्धा लवली नाही."

"काका, पोलीस आले असते..."

"उपकार झाले. पण मुलीला सुखात ठेवीन म्हणालात, ते याच आवाजात म्हणाला होतात. त्यातलं खरं किती?"

कादंबरीकाराने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मुलगी दारातच उभी होती. "म्हणजे ती... मी तिला... काका, तसं नाही, ती आहे म्हणून..." त्याचे कान लालभडक झाले. फावडे हातून निसटून त्याच्याच पायावर पडले, पण ओरडायचेही त्याला सुचले नाही.

साहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. मग घराकडे तोंड करून ते म्हणाले, "अगं, ऐकलंस का? तारीख बघायला हरकत नाही. खरं बोलायची वेळ आली की याला एक वाक्य धड जुळवता येत नाही."