डांगराला बसलेली कानटोपी

“स्वेटर विणायला काय अक्कल लागती व्हय? घोंगड्या विणणाऱ्याची लेक हाय मी! आठ दिवसांत अशी कानटोपी विणते, की तात्या झोपताना बी काढायचं न्हाईत!”

महाळुंगे पडवळच्या प्रयागबाईंनी ही गर्जना शेजारच्या सुंदरापुढे केली, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती तात्यांचे कान सोडून गावभर झालीच! गर्जनेचं कारण जुन्नरला राहत होतं. वैजयंतीबाई, प्रयागबाईंच्या सुनेची आई. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्यांना विणकामाचा नाद लागला होता. दिवाळीत त्यांनी व्याह्यांना, म्हणजे प्रयागबाईंच्या मालकांना, हौशीरामतात्यांना, निळा स्वेटर पाठवला. तेव्हापासून तात्यांच्या अंगावरून स्वेटर उतरेना आणि तोंडातून विहीणबाईंचं कौतुक थांबेना. दूधडेअरीवर तेच, पिठाच्या गिरणीत तेच, आणि जेवताना प्रयागबाईंच्या हातची भाकरी मोडतानाही तेच! चाळीस वर्षांत त्या भाकरीबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. हे प्रयागबाईंना लागलं, आणि चांगलंच लागलं.

भावाकडून मेंढीची लोकर आली. सायकलच्या तारा घासून सुया झाल्या. तात्या रानात गेले की दाराला कडी आणि विणकाम सुरू! घोंगडं मागावर विणतात आणि टोपी सुयांवर, हा फरक बाईंच्या ध्यानात आला तेव्हा निम्मी टोपी झाली होती. ती पुरी झाली तेव्हा तिच्यात तात्यांबरोबर आणखी एक माणूस आरामात मावला असता.

“काकू, ही टोपी हाय का धान्याची कणगी?” सुंदरानं विचारलं.

“गप! उद्या ईनबाई जेवायला येनार हायती. त्यांच्यादेखत घालायचीया तात्यांस्नी. काय तरी उपाव सांग.”

सुंदरानं मोबाइलमध्ये बघून निकाल दिला. टोपी भिजवायची, डोक्याएवढ्या गोल वस्तूवर चढवायची आणि वाळू द्यायची. वाळली की आकार धरते.

दुपारी तात्या घोरत असताना बाईंनी त्यांच्या डोक्याभोवती सुतळी फिरवली. “उवा झाल्या का मला?” म्हणून तात्या कुशीवर वळले आणि पुन्हा घोरू लागले. तीच सुतळी घेऊन बाई पडवीतल्या डांगरांच्या, म्हणजे लाल भोपळ्यांच्या, ढिगात शिरल्या. पाचवं डांगर तंतोतंत निघालं! नीट बघितलं तर चेहरेपट्टीसुद्धा थोडी जुळत होती.

मोबाइलमध्ये पाणी कोमट घ्या म्हटलं होतं. पण कोमट पाण्याने कधी कुणाचं भलं झालंय? बाईंनी टोपी उकळत्या पाण्यात बुडवली, साबण लावून गोधडीसारखी चोळली, जोर लावून डांगराच्या पार खालपर्यंत ओढली आणि डांगर चुलीशेजारी ठेवून दिलं. गरम पाण्यात चोळलेली लोकर अशी आटते, की पुन्हा सैल व्हायचं नाव घेत नाही. घोंगड्या विणणाऱ्याच्या लेकीला हे ठाऊक असायला हवं होतं. सकाळी ठाऊक झालं!

सुंदरानं डांगर मांडीत धरलं, बाईंनी टोपी ओढली. टोपी जागची हलली नाही, सुंदराच मांडीतल्या डांगरासकट पुढे सरकत आली.

“काकू, खालून कापा अन् डांगर कोरून काढा. टोपी मोकळी!”

“कापू कशी? आख्खं डांगर बाईनं कापत्यात व्हय?”

पेच खरा होता. अख्ख्या डांगराला पहिली चीर गड्याने द्यायची, मग पुढे बाईने चिरायचं. प्रयागबाईंनी ही रीत कधी मोडली नव्हती. सुंदराचा नवरा मंचरच्या मार्केटला, आळीतले बाकीचे गडी कांद्याच्या लागणीवर. उरला एकच गडी. ज्याच्यापासून टोपी लपवायची तोच! आणि जुन्नरहून विहीणबाई कधीच निघाल्या होत्या.

“अवो, जरा आत येता का?” बाईंनी इतक्या गोड आवाजात हाक मारली, की तात्या तिथेच सावध झाले. “डांगराला चीर द्यायचीया. पर डोळं बांधून.”

“डोळं बांधून? ही कुठली रीत?”

“माझ्या म्हायेरची!”

बायकोच्या माहेरच्या रीतींशी वाद घालायचं तात्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं. त्यांनी डोळ्यांना टॉवेल बांधून घेतला, उजव्या हातात कोयता धरला, डाव्या हाताने समोर चाचपलं आणि ओरडले, “आगं, ह्याला केस हायती!”

“डांगरच हाय! हाणा तुमी!”

“हाणा काय? कोनाचं डोस्कं हाय, आदी सांग!”

नेमक्या याच वाक्याला वैजयंतीबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. समोर डोळे बांधलेले व्याही, हातात कोयता, पाटावर कानटोपी घातलेलं डोकं, आणि “हाणा, हाणा!” म्हणणाऱ्या प्रयागबाई! त्या अशा किंचाळल्या की तात्यांनी कोयता टाकून टॉवेल ओढला. धक्क्याने डांगर पाटावरून सुटलं आणि घरंगळत त्यांच्याच पायाशी जाऊन थांबलं.

वैजयंतीबाई आणखी एकदा किंचाळल्या. मग त्यांनी वाकून पाहिलं, टोपीवरून बोट फिरवलं आणि शाळेतल्या जन्मभराच्या सवयीने विचारलं, “हे कोणी केलं?”

सुंदरानं लगेच काकूंकडे बोट दाखवलं.

पुढचा कारभार विहीणबाईंनीच हातात घेतला. तात्यांनी उघड्या डोळ्यांनी चीर दिली, वैजयंतीबाईंनी चमच्याने डांगर आतून कोरलं, आणि दुपारी एकला टोपी सुटली. तासाभराने, आतून पुसून वाळवल्यावर, तात्यांनी ती घातली. कुठे सुरकुती नाही, कुठे ढिली नाही! प्रयागबाई जीव मुठीत धरून एका शब्दाची वाट बघू लागल्या. आठ दिवस त्याच शब्दासाठी त्यांनी बोटं टोचून घेतली होती. तात्यांनी आरशात पाहिलं, हनुवटी वर केली, तोंड उघडलं...

तेवढ्यात विहीणबाईंनी ताट पुढे केलं. कोरलेला गर वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी गूळ घालून घारगे तळले होते.

तात्यांनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. पाचव्याला डोळे मिटले. “ईनबाई, असं घारगं जल्मात खाल्लं न्हाईत!”

“डांगर माझं व्हतं!” प्रयागबाई ओरडल्या.

“डांगर काय, येलाला आपोआप येतंय. घारगं करावं लागत्यात,” टोपीसकट मान डोलवत तात्यांनी सहावा उचलला.

प्रयागबाईंनी रागारागाने एक घारगा तोंडात कोंबला, काहीतरी खोड काढावी म्हणून. मग दुसरा. मग तिसरा. खोड सापडेना. मेले खरंच गोड झाले होते!