बंडाचं हाड

आमच्या कोपरच्या बिल्डिंगमधले साठेकाका कुणाला नमस्कार करत नाहीत. ते थेट तुमच्या डोक्यामागे हात घालतात, बाजारात नारळ बघावा तसं चाचपतात आणि निकाल देतात. माझा निकाल होता, "सपाट! बायकोच्या शब्दाबाहेर नाही." बायको आठवडाभर हसत होती. असला संताप आला मला!

कंपनीच्या कामाला काका चीनला गेलेले, तिथून हे खूळ आणलं. लोक खेळणी आणतात, यांनी वाक्प्रचार आणला: 'डोक्यामागे बंडाचं हाड'. म्हणजे जन्मजात बंडखोर. एका नव्या सरदाराच्या डोक्यामागचा उंचवटा बघून म्हणे चतुर प्रधान ओरडला, "हा उलटणार, उडवा याला!" राजाने वाचवलं. पण पुढे प्रधान मेला आणि सरदार खरंच उलटला.

"बघा! हाड खोटं बोलत नाही," काका मांडीवर थाप मारून सांगायचे.

आणि सगळ्यात ठसठशीत हाड निघालं त्यांच्या केतकीचं! काकू गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. यंदा पोरीने जाहीर केलं, ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या दहीहंडीला मुलींच्या पथकात सगळ्यात वर मी चढणार. काका कडाडले, "चढलीस तर या घरात पाऊल टाकायचं नाही!"

हंडीच्या दिवशी सकाळी ती गेलीच. दुपारी काका माझ्या दारात. "चला ठाण्याला. आत्ता."

रिक्षात म्हणाले, "अहो, त्या सरदारावर जन्मभर नुसता संशय घेतला. कुणी एकदा जवळ घेतलं असतं, तर कशाला उलटला असता?"

पोचलो तेव्हा चार थरांची सलामी लागत होती, वर केतकी. ती उभी राहतेय तोच खालच्या एकीचा गुडघा वाकला. अख्खा मनोरा डोलला.

"काका, बघू नका!" म्हटलं, तर काका बाजूला कुठे होते? माणसं ढकलत, शिव्या खात ते पार थराखाली घुसलेले, दोन्ही हात वर करून.

वाकलेली मुलगी सावरली. केतकीने सलामी दिली आणि एकेक थर उतरत खाली आली. बापासमोर उभी राहिली. काकांचे हात अजून वरच होते.

"बाबा, उतरले मी. हात खाली घ्या ना."

"आधी सांग, घरी येशील ना?"